भाषेचे राज्य गेले, पत्र राहिले

फिनलंडमध्ये आज निघणाऱ्या वर्तमानपत्रांपैकी सर्वांत जुने पत्र फिनिश भाषेत नाही, आणि ते राजधानी हेलसिंकीतूनही निघत नाही. देशाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, औरा नदीच्या काठी तुर्कू नावाचे शहर आहे. तिथले स्वीडिश बोलणारे लोक या शहराला ओबू म्हणतात. ‘ओबू उंडररेटेल्सर’, म्हणजे ओबूच्या बातम्या, हे ते पत्र. त्याचा पहिला अंक ३ जानेवारी १८२४ रोजी छापला गेला. जानेवारी २०२४ मध्ये त्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली.

फिनलंडमध्ये स्वीडिश मातृभाषा असलेले लोक आज सुमारे पाच टक्के, म्हणजे तीन लाखांना थोडे कमी आहेत. दोन लाख वस्तीच्या तुर्कूतही त्यांचे प्रमाण साधारण तेवढेच आहे. इतक्या लहान समाजाचे पत्र इतकी वर्षे कसे चालले, असा प्रश्न साहजिकच पडतो. पण हा प्रश्न थोडा उलटा आहे. पत्र निघाले तेव्हा त्याच्या भाषेच्या हातात न्यायालय होते, विद्यापीठ होते, धर्मपीठ होते आणि बाजारपेठही होती. संख्येने स्वीडिश भाषक तेव्हाही थोडेच होते, पण आपण अल्पसंख्याक आहोत असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. पुढच्या शंभर वर्षांत पत्र जागच्या जागी राहिले आणि त्याच्या वाचकांचे समाजातले स्थान बदलले. या लेखात सांगायची आहे ती त्या बदलाची हकिकत.

फिनलंड मध्ययुगापासून १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता. त्या काळात किनाऱ्यावर आणि बेटांवर स्वीडनहून आलेले शेतकरी व कोळी वसले. आतल्या जंगल-तळ्यांच्या मुलखात फिनिश बोलणारी बहुसंख्य प्रजा होती. राज्यकारभार, कायदा आणि उच्च शिक्षण यांची भाषा मात्र स्वीडिश होती. फिनिश घरात जन्मलेल्या हुशार मुलाला पाद्री, वकील किंवा अधिकारी व्हायचे असेल, तर त्याला स्वीडिश शिकावीच लागे, आणि एक-दोन पिढ्यांत त्याचे घरही स्वीडिश होऊन जाई. त्यामुळे ‘स्वीडिश भाषक’ म्हणजे सरदार-सावकार, ही समजूत अर्धीच खरी आहे. जाळी विणणारा बेटावरचा कोळीही स्वीडिशच बोलत असे.

या सगळ्या व्यवस्थेचे फिनलंडमधले केंद्र तुर्कू होते. बिशपचे पीठ तिथे होते. १६२३ मध्ये अपिलाचे न्यायालय आले, १६४० मध्ये राणी क्रिस्तिनाच्या राजवटीत विद्यापीठ स्थापन झाले, आणि दोनच वर्षांनी, १६४२ मध्ये, विद्यापीठासाठी देशातला पहिला छापखाना बसवला गेला. फिनलंडचे पहिले वर्तमानपत्रही इथेच, १७७१ मध्ये निघाले. ते काढणाऱ्या ‘औरा’ मंडळाचा प्राण होता हेन्रिक गाब्रिएल पोर्थान हा प्राध्यापक. फिनलंडच्या इतिहासाचा आणि फिनिश लोककाव्याचा अभ्यास त्याने सुरू केला, पण लिहिले ते लॅटिन आणि स्वीडिशमधून. विद्वत्तेच्या त्या जगात फिनिश हा अभ्यासाचा विषय होता, अभ्यासाचे माध्यम नव्हते.

१८०८ मध्ये रशियाने फिनलंडवर स्वारी केली, आणि १८०९ च्या तहात स्वीडनने हा सारा प्रदेश सोडून दिला. राजा बदलला की राजभाषा बदलते हा जगाचा सर्वसाधारण अनुभव आहे. इथे तसे घडले नाही. झार पहिला अलेक्झांडर याने फिनलंडला स्वायत्त ‘ग्रँड डची’चा दर्जा दिला, जुने स्वीडिश कायदे आणि लुथरन धर्म तसेच ठेवले. नव्या प्रजेने मनाने स्टॉकहोमपासून दूर जावे, पण तिच्या रोजच्या जगण्याची घडी विस्कटू नये, असा त्यामागचा हिशेब होता. कायदे स्वीडिश राहिले, म्हणून कचेऱ्याही स्वीडिश राहिल्या. सम्राट रशियन, बहुसंख्य प्रजा फिनिश आणि कागदपत्रे स्वीडिश, अशी ही रचना पुढे कित्येक दशके चालली.

तुर्कूला मात्र या बदलाची किंमत लगेच मोजावी लागली. झारच्या दृष्टीने ते शहर स्टॉकहोमच्या फार जवळ होते. १८१२ मध्ये त्याने राजधानी हेलसिंकीला हलवण्याचा हुकूम काढला आणि १८१९ मध्ये सिनेटही तिकडे गेली. विद्यापीठ तेवढे उरले, आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेली विचारांची वर्दळ. १८२१ मध्ये आडोल्फ इवार आर्विडसन या तरुण अध्यापकाने ‘ओबू मॉर्गनब्लाड’ नावाचे पत्र काढले. आपण आता स्वीडनचे उरलो नाही, रशियन होणे आपल्याला जमणार नाही, तेव्हा आपण फिनिश म्हणूनच उभे राहायला हवे, अशा आशयाचे वचन आजही त्याच्या नावावर सांगितले जाते. त्याचे पत्र त्याच वर्षी बंद पाडले गेले, पुढच्या वर्षी विद्यापीठातली जागा गेली आणि १८२३ मध्ये तो स्वीडनला निघून गेला.

‘ओबू उंडररेटेल्सर’ निघाले ते आर्विडसनच्या हद्दपारीसारख्या या प्रस्थानानंतर काही महिन्यांतच. काढणारा क्रिस्तियान लुडविग येल्ट हा मुद्रक होता. सेन्सॉरच्या पूर्वतपासणीशिवाय एकही ओळ छापता येत नसे, आणि राज्यकारभारावर मतप्रदर्शन करणाऱ्याचे काय होते हे गावाने नुकतेच पाहिले होते. अशा वेळी छापखान्याच्या मालकाने गावापुरते, व्यापारी आणि कुटुंबवत्सल वाचकासाठी पत्र काढणे हा शहाणपणाचा मार्ग होता. त्यात शौर्य नव्हते. पण मोठ्या मतांच्या पत्राला सेन्सॉर एका फटक्यात संपवू शकत असे. गावाच्या गरजेवर उभे असलेले पत्र बंद करण्यात कुणालाच रस नव्हता. या पत्राच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण हेच असावे.

तीन वर्षांनी मात्र गावच जळाले. ४ सप्टेंबर १८२७ च्या रात्री नऊच्या सुमारास अनिंकाइनेन टेकडीवरच्या हेलमान नावाच्या व्यापाऱ्याच्या घरातून आग पसरली. उन्हाळा कोरडा गेला होता, वारा सुटला होता आणि घरे लाकडाची होती. आग नदी ओलांडून कॅथेड्रलच्या भागात शिरली. वार्तिओवुओरी टेकडीवरच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ आर्गेलांडर त्या रात्री ताऱ्यांचे वेध घेत होता. भयंकर आगीमुळे निरीक्षणे थांबवावी लागली, अशी नोंद त्याने आपल्या वहीत करून ठेवली आहे. उंचावरची वेधशाळा वाचली. खाली शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग बेचिराख झाला, २७ माणसे दगावली आणि सुमारे ११,००० बेघर झाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या जवळपास ४०,००० ग्रंथांपैकी वाचले ते मुख्यतः त्या दिवशी वाचकांच्या घरी गेलेले काहीशे. नॉर्डिक देशांच्या इतिहासात कुठल्याही शहराला लागलेली ही सर्वांत मोठी आग मानली जाते.

शहर पुन्हा उभे राहिले. वास्तुविशारद कार्ल लुडविग एंगेलने रुंद रस्त्यांचा, मोकळ्या जागांचा नवा आराखडा दिला. विद्यापीठ मात्र परतले नाही. १८२८ पासून ते हेलसिंकीत सुरू झाले. प्राध्यापक आणि विद्यार्थी गेले. लोककाव्यातून ‘कालेवाला’ रचणारा एलियास ल्यॉनरोट, कवी रुनेबेर्ग आणि तत्त्वज्ञ स्नेलमन हे तिघेही १८२२ मध्ये तुर्कूच्याच विद्यापीठात दाखल झाले होते. त्यांची पुढची कारकीर्द इतरत्र घडली. पंधरा-सोळा वर्षांत तुर्कूने राजधानीही गमावली आणि विद्यापीठही. उरले ते बंदर, व्यापार, जहाजबांधणी आणि बेटांवरून होड्यांनी माल घेऊन येणारे लोक. येल्टचे पत्र या उरलेल्या गावाचे झाले. राष्ट्राचे मुखपत्र होण्याची संधी त्याला मिळाली नाही, आणि राष्ट्रीय वादळात सापडून बुडण्याची वेळही फारशी आली नाही.

त्या काळी फिनिश भाषेतल्या पत्रकारितेची अवस्था फार बिकट होती. १८४८ च्या युरोपीय क्रांत्यांनंतर घाबरलेल्या रशियन सरकारने १८५० मध्ये फिनिशमध्ये धार्मिक आणि शेती-व्यवसायविषयक मजकुराखेरीज काही छापायला बंदी घातली. सामान्य माणसाच्या भाषेत कल्पना पोचू नयेत, हा उद्देश उघड होता. तुर्कूत १८५१ मध्ये ‘सानोमिया तुरुस्टा’ हे फिनिश पत्र सुरू झाले ते अशा कुंपणात. स्वीडिश पत्रांवरही सेन्सॉर होताच, पण कादंबरीची प्रकरणे, परदेशी घडामोडी, गावातले वाद हे सारे त्यांना छापता येत असे. यातली गंमत अशी की फिनिशला राजभाषेचा मान मिळावा ही मागणीदेखील आधी स्वीडिश पत्रांतूनच झाली. स्नेलमनने १८४४ ते १८४६ या काळात चालवलेले ‘साइमा’ हे जहाल पत्र स्वीडिशमध्ये होते. सुशिक्षितांची मने वळवायची तर त्यांच्याच भाषेत लिहिणे त्याला भाग होते.

कलाटणी आली १८६३ मध्ये. झार दुसरा अलेक्झांडर याने फिनिश भाषेला वीस वर्षांच्या आत कचेऱ्यांत आणि न्यायालयांत स्वीडिशच्या बरोबरीने स्थान देण्याचा हुकूम काढला. फिनिश शाळा वाढल्या, फिनिश वाचणारा मध्यमवर्ग तयार झाला आणि त्याची वर्तमानपत्रे आली. १८८० मध्ये देशात स्वीडिश भाषक १४ टक्क्यांच्या थोडे वर होते, १९०० मध्ये ते १३ टक्क्यांच्या आत आले. तुर्कूसारख्या शहरात बदल अधिक वेगाने झाला, कारण कारखान्यांत आणि बंदरात कामाला येणारा वर्ग आसपासच्या फिनिश खेड्यांतून येत होता. गावात स्वीडिश माणसे होती तेवढीच होती, त्यांच्याभोवतीचे गाव मोठे होत गेले. दुकानाच्या पाटीपासून नगरपालिकेच्या सभेपर्यंत भाषेचे वाद सुरू झाले, आणि स्वीडिश पत्रांना पहिल्यांदाच आपल्या भाषेची बाजू मांडावी लागली. तोवर ती कुणी मागितलीच नव्हती.

हा घरचा वाद रंगात आला असतानाच बाहेरून मोठा दाब आला. १८९८ मध्ये निकोलाय बोब्रिकोव गव्हर्नर जनरल म्हणून हेलसिंकीत आला आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये दुसऱ्या निकोलसच्या जाहीरनाम्याने फिनलंडच्या स्वायत्ततेला हात घातला. अवघ्या दोन आठवड्यांत पाच लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज तयार झाला. झारने शिष्टमंडळाला भेटही दिली नाही. विरोध वर्तमानपत्रांतून उमटत होता, म्हणून पत्रे तहकूब करण्याचे, कायमची बंद करण्याचे सत्र सुरू झाले. नोव्हेंबर १८९९ मध्ये ‘वर्तमानपत्रांचे दिवस’ साजरे झाले. नावाला ते वृद्ध पत्रकारांच्या पेन्शन निधीसाठी होते. ४ नोव्हेंबरला हेलसिंकीच्या स्वीडिश नाट्यगृहात इतिहासाची दृश्ये मंचावर दाखवली गेली आणि त्यांना सिबेलियसने संगीत दिले. त्यातल्या शेवटच्या दृश्याचे संगीत पुढे ‘फिनलांडिया’ म्हणून जगभर गेले. एका राष्ट्राचे सर्वांत प्रसिद्ध संगीत वर्तमानपत्रांच्या मदतनिधीतून जन्मावे, यावरून त्या समाजात छापील शब्दाचे वजन कळते.

१९०० मध्ये वरिष्ठ कारभारात रशियन आणण्याचा हुकूम निघाला, तेव्हा फिनिश आणि स्वीडिश या दोघींना एकच प्रतिस्पर्धी मिळाला. स्वीडिश पक्ष आणि तरुण फिनिश घटनावादी एकत्र आले. जून १९०४ मध्ये ऑयगेन शौमन या स्वीडिश भाषक तरुण अधिकाऱ्याने बोब्रिकोववर गोळ्या झाडल्या. पुढच्या वर्षी रशियातली क्रांती फिनलंडमध्ये सार्वत्रिक संपाच्या रूपाने पोचली, आणि झारला माघार घ्यावी लागली. पूर्वतपासणी उठली. वर्तमानपत्रे मोकळी झाली.

त्याच माघारीने स्वीडिश भाषकांचे जुने जगही संपवले. तोवरची संसद चार श्रेणींची होती : सरदार, धर्मगुरू, नागरवर्ग आणि शेतकरी. पहिल्या आणि तिसऱ्या सभागृहावर स्वीडिश भाषकांचा वरचष्मा होता. १९०६ मध्ये ही रचना मोडून एकच सभागृह आले, आणि स्त्रियांसह सर्व प्रौढांना मत मिळाले. त्याच वर्षी स्वीडिश पीपल्स पार्टी स्थापन झाली. १९०७ च्या पहिल्या निवडणुकीत तिला २०० पैकी २४ जागा मिळाल्या. शतकानुशतके श्रेणी मोजणाऱ्या राज्याने माणसे मोजायला सुरुवात केली होती. १९०६ च्या मे महिन्यात स्नेलमनच्या जन्मशताब्दीला हजारो कुटुंबांनी आपली स्वीडिश आडनावे बदलून फिनिश घेतली. कालपर्यंत प्रतिष्ठेची असलेली भाषा आता सोडून देता येण्यासारखी झाली होती.

यापुढे ‘ओबू उंडररेटेल्सर’ खऱ्या अर्थाने अल्पसंख्याकांचे पत्र झाले. त्याच्या भोवतीच्या समाजाने या नव्या स्थितीला दिलेले उत्तर मुख्यतः संस्थांचे होते. १९०८ मध्ये स्वीडिश संस्कृती निधी उभा राहिला. तुर्कूच्या डालस्ट्र्योम बंधूंसारख्या व्यापाऱ्यांनी शहराला कलासंग्रहालय दिले होते. तिथल्याच धनिक घराण्यांनी आता स्वीडिश विद्यापीठासाठी थैल्या सोडल्या. डिसेंबर १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला. १९१८ च्या जानेवारीत यादवी पेटली आणि तुर्कू एप्रिलपर्यंत लाल, म्हणजे समाजवादी, सत्तेखाली गेले. या भागात बिगर-समाजवादी पत्रांना बंदी होती. युद्ध सरल्यावर, जुने विद्यापीठ जाऊन नव्वद वर्षे झाली असताना, देणग्यांवर उभारलेली ‘ओबू अकादमी’ तुर्कूत सुरू झाली. तिच्यामुळे स्वीडिश शिक्षक, पाद्री, लेखक यांची नवी पिढी शहरात येत राहिली. स्थानिक पत्राला लेखक आणि वाचक पुरवणारा हा झरा होता.

कायद्यानेही आधार दिला. १९१९ च्या राज्यघटनेने फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राष्ट्रभाषा ठरवल्या, १९२२ च्या भाषा कायद्याने त्याचे नियम घातले. अल्पसंख्याक भाषेला ‘सवलत’ देण्यापेक्षा ही भूमिका वेगळी होती. तरी कागदावरची समानता सहज पचली नाही. हेलसिंकी विद्यापीठाची भाषा कोणती यावरून १९३० च्या दशकात रण माजले, आणि १९३७ च्या कायद्याने ते फिनिश ठरले, काही स्वीडिश अध्यासने राखून. पुढच्या युद्धांनी हा वाद मागे टाकला. बॉम्ब पडताना तुर्कूत घराची भाषा कुणी विचारली नाही.

पत्राचा रोजचा वाचक मात्र या राजकारणाहून बराच साधा होता. तुर्कूपासून दक्षिणेला आणि पश्चिमेला हजारो बेटांचा मुलूख पसरला आहे : पार्गास, नागू, कोर्पो, होउत्शेर, किमितो. पार्गासला चुनखडीची मोठी खाण, डाल्सब्रुकला सतराव्या शतकापासूनचा लोखंडाचा कारखाना, बाकी मासेमारी, लहान शेती आणि जहाजांवरची नोकरी. या टापूत स्वीडिश ही बहुसंख्यांची भाषा होती आणि पार्गास, किमितो या आजच्या नगरपालिकांत ती अजूनही आहे. याच किमितोत १८७८ मध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला आमोस अँडरसन पुढे हेलसिंकीच्या ‘हुफवुडस्टाड्सब्लाडेट’ या सर्वांत मोठ्या स्वीडिश दैनिकाचा मालक झाला. ते दैनिक देशभरच्या स्वीडिश भाषकांशी बोलत असे. पण बेटावर फेरीबोट कधी सुटणार, शाळेचा वर्ग राहणार की जाणार, कोण वारले, कुणाचे लग्न ठरले, हे राजधानीतले दैनिक सांगू शकत नव्हते. तुर्कूचे फिनिश पत्र सांगत असेल, तर दुसऱ्या भाषेत सांगत होते. या दोहोंमधल्या फटीत ‘ओबू उंडररेटेल्सर’ची जागा होती, आणि ती फट अरुंद असली तरी दुसरे कुणी भरत नव्हते.

युद्धानंतरच्या दशकांत या वाचकवर्गाला मोठी गळती लागली. १९५० ते १९७० च्या काळात फिनलंडमधून कामासाठी स्वीडनला गेलेल्यांत स्वीडिश भाषकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. त्यांना तिकडे भाषेची अडचणच नव्हती. बेटांवरची तरुण घरे रिकामी झाली. राहिलेल्यांत मिश्र लग्ने वाढली. जाहिरातदाराच्या हिशेबात छोट्या भाषेचे पत्र नेहमीच महाग पडते, कारण मजकूर लिहायला माणसे तेवढीच लागतात आणि खप मात्र हजारांत राहतो. राज्याकडून अल्पसंख्याक भाषांच्या पत्रांना मिळणारे साहाय्य आणि समाजाचे निधी यांनी हा खड्डा थोडाबहुत भरला. अलीकडे टपाल वाटपाचे दिवस घटले. बेटावरच्या वर्गणीदाराला याचा फटका सर्वांत आधी बसतो.

आज या सगळ्याचा ताळेबंद मांडला तर जमेची बाजू दिसते तितकी बारीक नाही. नगरपालिकेत अल्पसंख्याक भाषेचे लोक आठ टक्के किंवा किमान ३,००० असतील तर ती द्विभाषिक, असा फिनलंडचा नियम आहे. तुर्कू टक्केवारीत बसत नाही, माणसांच्या संख्येवर बसते. म्हणून तिथे स्वीडिशमध्ये शाळा, दवाखाना आणि कचेरी मिळण्याचा हक्क टिकून आहे. १७७१ पासूनची जुनी वर्तमानपत्रे राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर सर्वांना वाचायला खुली केली आहेत. तुर्कूच्या आगीनंतरच्या शहराचा इतिहास लिहू पाहणाऱ्या फिनिश अभ्यासकालाही त्यातली स्वीडिश पाने उलटल्याशिवाय गत्यंतर नाही. शहराच्या स्मृतीचा मोठा भाग आता तिथल्या वीसातल्या एकाच माणसाच्या मातृभाषेत आहे.

मिश्र घरांतली बहुतेक मुले अलीकडे स्वीडिश भाषक म्हणून नोंदली जातात, स्वीडिश शाळेत जातात. पन्नास वर्षांपूर्वी याच्या उलट घडत असे. त्यामुळे आकडा स्थिरावला आहे, पण वाचक बदलला आहे. आजोबांना फिनिश जेमतेम येई, म्हणून ते स्वीडिश पत्र घेत. नातवाला दोन्ही भाषा सारख्याच येतात, शिवाय इंग्रजी येते, आणि बातमी त्याला कुठूनही मिळते. सेन्सॉर, आग, यादवी आणि स्थलांतर यांतून हे पत्र तरले तेव्हा त्याच्या वाचकाला दुसरा सोयीचा दरवाजा नव्हता. आता तो आहे, आणि तो चोवीस तास उघडा आहे. पत्राला यापुढे भाषेच्या निष्ठेवर वर्गणी मागता येणार नाही. पार्गासच्या फेरीबद्दल आणि किमितोच्या शाळेबद्दल इतर कुणापेक्षा आधी आणि नीट लिहिले, तरच ती मिळेल. दोनशे वर्षांपूर्वी एका मुद्रकाने सावधगिरीने निवडलेला गावापुरता मार्ग आज या पत्राचा एकमेव भक्कम दावा आहे.